गाडी तापते? पंखा ‘डायरेक्ट’ करण्यापूर्वी

उन्हाळा लागला की गॅरेजसमोर बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग लागते. गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली, ‘गाडी तापते, पंखा फिरत नाही.’ आणि आपल्या अनेक कारागीर बंधूंचा उपायही ठरलेला. पंख्याला इग्निशनवरून सरळ वायर द्यायची, झाला ‘डायरेक्ट’! दहा मिनिटांचे काम, गिऱ्हाईक खूश. या ‘डायरेक्ट’विषयीच आम्हाला आज बोलायचे आहे.

आमच्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याच्या मारुती ८०० मध्ये असाच पंखा जोडला गेला. पंखा फिरतो आहे म्हणून तो निश्चिंत राहिला. खरा दोष होता होज पाइपच्या बारीक गळतीत. पाणी कमी झाल्याने थर्मोस्विच पाण्याबाहेर उघडा पडला होता, म्हणूनच पंखा सुरू होत नव्हता. शेवटी हेड गॅस्केट जळाले, हेड वाकले. एका पाइपाचे काम इंजिन खोलण्यावर गेले आणि त्या गॅरेजचे एक कायमचे गिऱ्हाईकही गेले.

म्हणून हातात पाना घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, गाडी तापते कोठे? सिग्नलला, गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर धावताना काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. वेगात धावतानाच तापत असेल तर पंख्याचा सहसा संबंध नसतो, कारण तेव्हा वारा आपोआप मिळतो. तेथे पाण्याची पातळी, तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप पाहावा.

अॅम्बॅसडर, पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर इंजिनबरोबर फिरत असे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत तो विजेच्या मोटारीवर गेला. पाणी साधारण ९० ते १०० अंशांच्या दरम्यान ठरलेल्या तापमानाला पोहोचले की स्विच जोडणी करतो आणि पंखा फिरतो. थंड इंजिनावर पंखा बंद असणे हा बिघाड नव्हे, हे शागीर्दाला पहिल्याच दिवशी सांगावे. दुसरी गोष्टही सांगावी. गरम इंजिनात चावी बंद असली तरी काही गाड्यांचा पंखा अचानक सुरू होतो. पात्यांत हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. गरम रेडिएटरचे झाकण तर कोणीही उघडू नये.

आता तपासणी. पाणी भरलेले असेल तर आधी फ्यूज पाहावा. तो पुनःपुन्हा उडत असेल तर मोटार जाम आहे किंवा तार कोठेतरी घासली आहे. तेथे तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे वायरिंगला आग लावणे. फ्यूज ठीक असेल तर स्विचचा सॉकेट काढून, चावी चालू ठेवून, त्याची दोन टोके तुकड्याने जोडावीत. पंखा फिरला तर मोटार चांगली, स्विच संशयित. नाही फिरला तर त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहावा, मग मोटारीला फ्यूज लावलेल्या तारेने थेट बॅटरीवरून १२ व्होल्ट द्यावेत. पान्याच्या दांड्याने हलके ठोकल्यावर मोटार सुरू झाली तर बहुधा कार्बन ब्रश झिजले आहेत.

नव्या गाड्यांत मात्र ही सॉकेट जोडण्याची युक्ती चालत नाही. तेथे सेन्सर कॉम्प्युटरला माहिती देतो. तारा जोडल्यास चुकीचा संदेश जातो. अशा पुष्कळ गाड्यांत सेन्सरचा सॉकेट नुसता काढला तरी कॉम्प्युटर खबरदारी म्हणून पंखा सुरू करतो.

सर्वांत फसवा दोष अर्थिंगचा. टेस्ट लॅम्प लख्ख पेटतो, पण मोटार फिरत नाही, आणि आपण नवी मोटार मागवतो! दिव्याला करंट थोडा लागतो, मोटारीला पुष्कळ. गंजलेल्या बोल्टमधून तेवढा जात नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोटारीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड तार तात्पुरती लावून पाहावी.

नवी मोटार बसवलीच, तर गाडी बाहेर काढण्यापूर्वी कागदाचा तुकडा रेडिएटरच्या पुढच्या जाळीला लावावा. पंखा रेडिएटरच्या मागे असतो, त्याने हवा आत ओढायला हवी, म्हणजे कागद चिकटून राहतो. कागद उडाला तर मोटारीच्या तारा उलट्या लागल्या आहेत.