स्विचच्या पोर्टावरील अस्थिर जोडणी : दोषशोधनाची रीत

केंद्रशाळांत व तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या कचेऱ्यांत आता नोंदवहीच्या जोडीला संगणक आला आहे. शाळांची वार्षिक माहिती, विद्यार्थ्यांच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे त्याच्याद्वारे होतात. अशा वेळी एखाद्या मेजावरील संगणकाची जोडणी मधूनच तुटते, थोड्या वेळाने आपोआप परत येते आणि अर्धवट भरलेला तक्ता नाहीसा होतो. अर्जाची अखेरची तारीख असली, तर दोष तारेचा आणि दंड विद्यार्थ्याला, असा प्रसंग ओढवतो. पुष्कळदा घाईने नवा स्विच मागविला जातो. सादिलाची रक्कम खर्च होते व दोष होता तेथेच राहतो. हे टाळण्याकरिता कारणाचा शोध कसा घ्यावा, ते या पाठात सांगावयाचे आहे.

स्विचचे कार्य

येथे स्विच म्हणजे विजेचे बटण नव्हे. कचेरीतील सर्व संगणकांच्या केबली जिच्यात येऊन मिळतात, ती ही पेटी होय. तिच्यावरील खाचांना पोर्ट म्हणतात. कोणता संगणक कोणत्या पोर्टाकडे आहे हे स्विच ध्यानात ठेवतो आणि टपाल कचेरीतील कारकून पत्ता पाहून पत्रे वेगळी करतो, त्याप्रमाणे आलेली माहिती योग्य पोर्टाकडे पाठवितो. बहुतेक स्विचांत प्रत्येक पोर्टाजवळ लहान दिवा असतो. तो लागलेला असणे म्हणजे जोडणी आहे; लुकलुकणे म्हणजे माहितीची ये-जा चालू आहे. लुकलुकणे हा दोष नव्हे. दिवा पूर्ण विझून काही सेकंदांनी पुन्हा लागणे, हे मात्र जोडणी तुटल्याचे लक्षण होय.

केबलीतील दोष

केबलीत आठ तारा असतात व त्यांच्या पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. सेकंदास १०० मेगाबिट वेगाला दोनच जोड्या लागतात. १००० मेगाबिटला चारही लागतात. म्हणून तपकिरी जोडीतील एखादी तार तुटली, तर जुना संगणक त्याच केबलीवर सुरळीत चालतो आणि नवा अडखळतो. काही यंत्रे अशा वेळी आपोआप कमी वेगावर उतरतात. काही पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहतात व दिवा लागत-विझत राहतो. ‘काल याच केबलीवर दुसरा संगणक चालत होता’ एवढ्यावरून केबल निर्दोष ठरत नाही, ती यामुळेच.

प्लगाची प्लॅस्टिकची खिट्टी मोडलेली असणे, उंदरांनी तार कुरतडणे, पावसाळ्यातील ओलाव्याने प्लगाचे संपर्क गंजणे, मेजाच्या पायाखाली केबल दबणे, ही नित्याची कारणे होत. प्लग बसविताना तारांचा पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये. संगणकापासून स्विचपर्यंतची एकूण लांबी १०० मीटरच्या आत असावी.

कृती

१. प्रथम नोंद करावी. जोडणी किती वाजता तुटली, पोर्टाचा क्रमांक कोणता व दिव्याची स्थिती काय होती, हे एका कागदावर लिहावे. सर्व पोर्टांचे दिवे एकदम विझत असतील, तर केबली तपासण्यात वेळ न दवडता स्विचचा वीजपुरवठा पाहावा.

२. ५ क्रमांकाचा पोर्ट अस्थिर आहे असे समजू. त्यातील केबल काढून चांगल्या चालणाऱ्या ६ क्रमांकाच्या पोर्टात घालावी व तेथील केबल ५ मध्ये घालावी. दोष ५ वरच राहिला, तर तो पोर्टाचा. ६ वर गेला, तर केबलीचा किंवा संगणकाचा. काही स्विचांत प्रत्येक पोर्टाची मांडणी वेगळी केलेली असते. तेथे ही अदलाबदल देखभाल करणाऱ्यास विचारूनच करावी.

३. दोष केबलीकडे वा संगणकाकडे असल्याचे दिसल्यास संगणक स्विचजवळ आणून खात्रीच्या आखूड केबलीने जोडावा. दोष नाहीसा झाला, तर भिंतीतून गेलेली केबल सदोष. राहिला, तर संगणक सदोष.

प्रत्येक कृतीत एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट व संगणक ही तिन्ही एकदम बदलली, तर दोष जाईलही. पण तो कशात होता हे कळणार नाही. तसेच, जोडणी साधारण वीस मिनिटांनी तुटत असेल, तर प्रत्येक बदलानंतर निदान तासभर निरीक्षण करावे. पाच मिनिटांत ‘दुरुस्त झाले’ म्हणणे हे अनुमान नव्हे, ती आशा होय.

दिवा लागलेला असूनही अडचण

कधी दिवा विझत नाही, परंतु मोठी फाइल पाठविताना काम थांबते. याचे एक कारण दोन टोकांच्या मांडणीतील विसंगती हे होय. वेग व देवाणघेवाणीची पद्धत दोन्ही यंत्रांनी आपसांत ठरविण्याची सोय १९९५ च्या मानकात आली. एका टोकास पद्धत हाताने पक्की केली व दुसरे टोक स्वयंचलित ठेवले, तर दुसरे टोक एका वेळी एकाच दिशेने बोलण्याची जुनी पद्धत धरते. पहिले मात्र बोलणे व ऐकणे एकाच वेळी करीत राहते. त्यात माहितीचे तुकडे वाया जातात. म्हणून दोन्ही टोके स्वयंचलित ठेवावीत.

सर्वच दिवे एकदम वेगाने लुकलुकू लागले व साऱ्या कचेरीचे काम थांबले, तर एकाच केबलीची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये कोणी घातली आहेत काय, ते पाहावे. अशा वर्तुळात एकच संदेश अखंड फिरत राहतो.

वर्गातील उपयोग

निरीक्षण, नोंद, एका वेळी एकच बदल आणि मग अनुमान, ही रीत आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवितोच. शाळेत संगणककक्ष असल्यास वरच्या वर्गातील मुलांना दिव्यांची नोंद ठेवण्यास सांगावे. शिकविलेली रीत गुरुजी स्वतः आचरतात हे त्यांनी पाहिले, म्हणजे ती त्यांच्या मनात पक्की होते.

स्वाध्याय

१. पोर्टांची अदलाबदल केल्यावर दोष नव्या पोर्टावर गेला. यावरून कोणती गोष्ट निर्दोष ठरली?

२. एकच केबल जुन्या संगणकाला चालते, नव्याला चालत नाही. याचे संभाव्य कारण सांगा.

३. आपल्या शाळेतील वा कचेरीतील स्विचचा नकाशा काढून प्रत्येक पोर्टासमोर संगणकाचे नाव लिहा व तो स्विचजवळ लावा.