पेशीतील वीज आणि विंचवाचे विष

अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्यातील, हिंगणघाटच्या कापूसपट्ट्यातील गाव. कापसाचा हंगाम सरला की या भागात जळणासाठी पऱ्हाट्यांचे ढीग रचले जातात. हे ढीग, घरावरील कवेलू आणि शेताच्या धुऱ्यावरील दगड ही विंचवाची नेहमीची आश्रयस्थाने होत. विंचू चावला असता आजही काही ठिकाणी प्रथम मांत्रिकाकडे धाव घेतली जाते. वास्तविक हे विष शरीरात कोणता बिघाड घडविते, याचा उलगडा विज्ञानाने केला आहे. तो समजून घेण्यासाठी पेशींमध्ये वीज कशी निर्माण होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

आत पोटॅशिअम, बाहेर सोडिअम

क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युत्‌भारित कण होतात. त्यांना आयन म्हणतात. सोडिअम व पोटॅशिअम यांचे आयन धनभारित असतात. पेशीबाहेरील द्रवात सोडिअमचे प्रमाण आतल्यापेक्षा दहापटीहून अधिक असते, तर पोटॅशिअमचे प्रमाण आत सुमारे तीसपट अधिक असते. ही विषमता राखण्याचे काम पेशीच्या पातळ पटलातील एक प्रथिन करते. ते दर खेपेस सोडिअमचे ३ आयन बाहेर टाकते आणि पोटॅशिअमचे २ आयन आत घेते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये या ‘पंपा’चा शोध प्रसिद्ध केला. त्याबद्दल १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

पटलात पोटॅशिअमसाठी काही वाटा सदैव खुल्या असतात. आत दाटी असल्याने पोटॅशिअम त्या वाटांनी बाहेर झिरपते व जाताना आपला धनभार घेऊन जाते. मोठी ऋणभारित प्रथिने मात्र आतच राहतात. परिणामी पेशीची आतली बाजू ऋणभारित होते आणि ती पोटॅशिअमला परत आत ओढू लागते. बाहेर जाण्याचा कल व आत ओढणारे बल यांचा जवळपास समतोल झाला की विद्युत्‌दाब स्थिरावतो. मज्जापेशीत तो सुमारे ७० मिलिव्होल्ट असतो.

गावच्या पाणीपुरवठ्याची टाकी पंपाने भरून ठेवलेली असते. झडप उघडताच पाणी वाहू लागते. मज्जापेशीचेही असेच आहे. संदेश येताच सोडिअमच्या झडपा उघडतात, सोडिअम आत धावते आणि क्षणभर आतली बाजू धनभारित होते. साधारण एक सहस्रांश सेकंदात झडपा मिटतात व पेशी पुन्हा सज्ज होते. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये ही क्रिया गणिताने मांडून दाखविली.

विष काय करते?

लाल विंचवाचे विष सोडिअमच्या या झडपा वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे मज्जातंतू वारंवार संदेश पाठवीत राहतात. अ‍ॅड्रिनॅलिनसारखे पदार्थ रक्तात एकाएकी वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते. उलट्या, दरदरून घाम व थंड पडलेले हातपाय ही धोक्याची चिन्हे होत. लहान मुलांना धोका विशेष असतो.

या प्रश्नाचा पाठपुरावा महाराष्ट्रातीलच एका ग्रामीण डॉक्टरांनी केला. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने पाहणी केली. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांसाठी वापरले. हे औषध झडपा दुरुस्त करीत नाही. ते आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरील भार हलका करते आणि शरीराला सावरण्यास अवधी मिळवून देते. पूर्वी तीव्र विषबाधा झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिन व अतिदक्षता उपचारांनंतर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. प्राझोसिनला विंचवावरील प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

गावाचे कर्तव्य

झडपा मिटेनाशा झाल्या असता मंत्राने त्या मिटत नाहीत. दंशाची जागा कापल्याने वा आवळून बांधल्यानेही लाभ होत नाही. रुग्णाला धीर देऊन विनाविलंब आरोग्य केंद्रात नेणे, हाच खरा उपाय होय. शिक्षकांनी पेशीचा पाठ शिकविताना हे उदाहरण अवश्य सांगावे. पंचायत सदस्यांनी उन्हाळ्यापूर्वीच आपल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष शिल्लक आहे की नाही, याची चौकशी करावी आणि रात्री-अपरात्री रुग्ण नेण्यासाठी वाहनाची सोय निश्चित करून ठेवावी. पऱ्हाट्या घरापासून दूर रचणे, पादत्राणे झटकून घालणे व रात्री बत्ती घेऊन चालणे या साध्या सवयींनीही अनेक दंश टाळता येतील.