वाटणीत कोण राहून गेले?

वाचन : प्रेषितांची कृत्ये 6:1-7



आरंभीच्या मंडळीविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा दुसऱ्या अध्यायावरच थांबतो. सर्व एकचित्त, सर्वांचे सर्व समाईक, घरोघरी भाकर मोडणे. वाचून मन भरून येते आणि आपल्या संगतीकडे पाहून थोडे खट्टूही होते. पण चारच अध्याय पुढे गेलो की त्याच मंडळीत कुरकुर ऐकू येते. लूकने ती लपवली नाही, याबद्दल त्याचे आभार मानावेसे वाटतात.

कुरकुर कशाची होती? रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जात होत्या. या बाया परक्या नव्हत्या. त्या यहूदी होत्या, विश्वासीही होत्या. परदेशात वाढलेली काही यहूदी कुटुंबे उतारवयात यरुशलेमेत येऊन राहत, असे अभ्यासक सांगतात. नवरा गेला की बाई एकटी पडे. आसपासचे लोक अरामी बोलत, हिला ग्रीक येई. कोणी मुद्दाम उपाशी ठेवले असे वचनात म्हटलेले नाही. वाटणाऱ्यांना आपल्या भाषेतली, ओळखीची घरे आधी आठवली असतील.

बंगळुरूमध्ये हे समजायला वेळ लागत नाही. मुलाच्या नोकरीमुळे गाव सोडून इथे फ्लॅटमध्ये आलेल्या किती आया आपल्या ओळखीच्या आहेत! कन्नड येत नाही, इंग्रजी कळत नाही. प्रार्थनेला येतात, शेवटच्या रांगेत बसतात, सगळे उभे राहिले की उभ्या राहतात.

माझीच चूक सांगते. मागच्या वर्षी एका पाठाचे भाषांतर मी केले होते. एका आजींनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. कसा वाटला म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "अगं, अक्षरं मराठी आहेत, पण मला काही कळलं नाही बघ." मी त्यात ‘परस्परावलंबित्व’ असा शब्द घातला होता, आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता.

आता प्रेषितांनी काय केले ते पाहा. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी गप्प बसवले नाही. साऱ्या शिष्यांना बोलावून त्यांच्यातूनच सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत, आणि अंत्युखियाचा नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. कागद हाती आला की खाली सही कोणाची, ते आधी पाहायची सवय. इथे ज्यांची माणसे राहून जात होती, बहुधा त्यांच्याच हाती वाटप सोपवले गेले. बाकीच्यांनी एवढा विश्वास टाकला, हे मला दुसऱ्या अध्यायातल्या एकचित्ताइतकेच मोठे वाटते.

आणि या कामासाठी माणसे कशी हवी होती? आत्म्याने व ज्ञानाने भरलेली. पुढे यांच्यातलाच फिलिप्प गज्जाच्या वाटेवर रथाजवळ धावत जातो आणि कूशी अधिकाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की वाचतोस ते तुला समजते का?

पंडिता रमाबाईंना हा प्रश्न पडला होता. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणल्या, पुढे गुजरातच्या दुष्काळातूनही आणल्या. पुण्याजवळ केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांना जेवण आणि निवारा मिळाला. पण बायबलचे तेव्हाचे मराठी साध्या बायकांना जड जाते, हे रमाबाईंना दिसत होते. संस्कृतच्या विद्वत्तेसाठी ‘पंडिता’ ही पदवी मिळवलेल्या या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. छपाईचे काम मुक्तीतल्याच बायकांनी केले. 1922 साली रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर पुरे झाले होते.

आपल्या गटात बोलण्यासाठी एकच प्रश्न घ्या. आपल्याकडे निरोप, पाठ आणि मदत कोणाच्या हातून जाते, आणि ती कोणत्या भाषेत जाते? उत्तर शेवटच्या रांगेतल्यांना आधी देऊ द्या.

आता भाषांतर पाठवण्याआधी मी त्या आजींना ते फोनवर वाचून दाखवते. हा लेखही त्यांनी ऐकला. दोन शब्द काढायला लावले, ते काढले आहेत.