कुंडीतील टोमॅटो आणि पाण्याची मात्रा

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीन आली नाही. परंतु टोमॅटोच्या रोपाला सातबारा लागत नाही. तेलाचा 15 किलोचा रिकामा डबा, दिवसाचे सहा तास ऊन आणि रोजची निगा एवढे त्याला पुरेसे आहे.

डब्याच्या बुडाला चार-पाच छिद्रे पाडावीत. माती, चांगले कुजलेले शेणखत व कोकोपीट समप्रमाणात मिसळून डबा भरावा. साधारण 25 दिवसांचे रोप खोडाचा खालचा भाग मातीत जाईल इतके खोल लावावे. त्या भागावर नवी मुळे फुटतात. आधाराची काठी त्याच दिवशी रोवावी. नंतर रोवल्यास मुळे दुखावतात.

खरी कसोटी पाण्याची. शेतातील मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जाऊ शकतात. डब्यातील मुळांना ती वाट बंद असते. पाणी फार झाले तर मुळांना हवा मिळत नाही व पाने पिवळी पडतात. कमी झाले तर फुले गळतात. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी ओतले, तर पिकत आलेली फळे तडकतात. अशा अनियमित पाण्याने वाढत्या फळांचे बूडही काळे पडते. ही कीड नव्हे, संसर्गही नव्हे. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचते. पाणी खंडित झाले की मातीत कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहते. तेथे कीटकनाशकाची फवारणी व्यर्थ होय.

म्हणून रोज सकाळी बोट दोन इंच मातीत घालून पाहावे. माती कोरडी लागली तरच, खालून निथळेपर्यंत, मुळाशी पाणी द्यावे. कडक उन्हाळ्यात सायंकाळीही तपासावे. पाने भिजवू नयेत; ओल्या पानांवर करपा पसरतो. मातीवर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन ठेवल्यास ओल टिकते.

अतिकष्टाने खचलेल्या सोण भिक्षूला तथागतांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता. तार फार ताणलेली असो वा फार सैल, वीणा सुरात वाजत नाही. पाण्याचेही तसेच आहे.

पालकांनी आपल्या पाल्याच्या हाती असा एक डबा अवश्य सोपवावा. मात्र पाणी केव्हा द्यायचे, हे त्याला सांगू नये. त्याचे बोटच त्याला ते सांगेल. ऐकीव गोष्टीवर विसंबण्यापेक्षा स्वतः पारखून घेणे, हाच धम्माचा पहिला धडा आहे.