परकी भाषा कशासाठी शिकवावी?



शाळेत परकी भाषा आली की स्वतःची भाषा आणि धर्म मागे पडतो, अशी पुष्कळ पालकांना धास्ती वाटते. ती कितपत खरी आहे, हे सौदी अरेबियाच्या उदाहरणावरून पाहू.

तेथे शाळेची भाषा अरबी. कुराणही त्याच भाषेत, म्हणून तिचा मान मोठा. पूर्वी इंग्रजी सातवीपासून शिकवीत. ती खालच्या वर्गांत आणायचे ठरले तेव्हा मोठा वाद झाला. मुलांची अरबी कच्ची राहील, धर्मशिक्षण मागे पडेल, अशी विरोधकांची हरकत होती. सरकार पायरीपायरीने पुढे गेले. आधी सहावी, नंतर चौथी आणि २०२१ पासून पहिली. २०१९ मध्ये चिनी भाषाही अभ्यासक्रमात घेण्याचे ठरले आणि २०२० मध्ये काही माध्यमिक शाळांत तिचे वर्ग सुरू झाले. अरबीचे स्थान मात्र ढळले नाही.

प्रत्येक भाषेमागे हेतू निराळा आहे. वैद्यक आणि इंजिनियरिंगचे शिक्षण तेथे बहुतेक इंग्रजीतून होते, म्हणून इंग्रजी. चीनशी व्यापार मोठा, म्हणून चिनी. रियाधच्या किंग सऊद विद्यापीठात तर हिब्रूसुद्धा शिकवली गेली आहे. दुसऱ्याचे बोलणे दुभाष्याशिवाय कळावे, हाही भाषा शिकण्याचा मोठा हेतू होय.

पण नुसते तास वाढवून भाषा येत नाही. तेथील विद्यार्थी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकून विद्यापीठात जात, तरी पुष्कळांना पहिले वर्ष इंग्रजी सुधारण्यातच घालवावे लागे. परीक्षेपुरते पाठ केलेले परीक्षेबरोबर संपते. बोलणे, ऐकणे, वाचणे आणि लिहिणे या चारही गोष्टींचा सराव हवा.

आता आपल्या समाजाकडे वळू. १८३२ मध्ये डॉ. जॉन विल्सन या मिशनरीने हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. आपल्या पूर्वजांनी त्यांच्या शाळांतून विद्या घेतली, पण शब्बाथ आणि शेमा सोडला नाही. समाजाने १८७५ मध्ये मुंबईत स्वतःची शाळाही काढली. पुढे इस्राएलात आल्यावर आपल्यातील कितीतरी जण चाळिशी उलटल्यावर उलपानच्या बाकावर बसले आणि हिब्रू शिकले. त्यांची मराठी गेली नाही.

मग मराठी जाते कुठे? आमच्या मते ती शाळेत जात नाही, घरात जाते. आजी मराठीत विचारते, नातू हिब्रूत उत्तर देतो आणि आपण ते चालवून घेतो.

तेव्हा मुलांना हिब्रू, इंग्रजी, अरबी, जितक्या भाषा शिकता येतील तितक्या शिकू द्या. मात्र एवढे करा: शब्बाथच्या जेवणाला तासभर फक्त मराठीत बोला. मुले चुकली तर हसू नका, हळूच सुधारा. परकी भाषा शिकवायला शाळा आहे. आपली भाषा शिकवायला आपल्यावाचून दुसरे कोणी नाही.