अंगण, साखळी आणि दार : घरच्या कुत्र्यामांजरांसाठी सुरक्षित आवार

आपल्या वर्धा जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी गेल्यास एक गोष्ट लक्षात येते. बैलांसाठी गोठा असतो. त्यात गव्हाण असते, मुताऱ्याला उतार दिलेला असतो आणि उन्हाळ्यात पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचा किंवा तट्ट्यांचा आडोसा केलेला असतो. आर्वीकडच्या गवळाऊ बैलाची जेवढी निगा राहते, तेवढी कित्येकदा घरच्या माणसांचीही राहत नाही. त्याच घरचा कुत्रा मात्र एकतर फाटकाजवळ साखळीला असतो, नाहीतर रस्त्यावर मोकळा असतो. मांजराचा तर विचारच नसतो. ते घरचे आहे की गावाचे, हेच पुष्कळदा ठरलेले नसते. शहरातील नव्या वसाहतींत प्लॉटभोवती भिंत आली, परंतु स्थिती फारशी पालटली नाही. साखळी आणि रस्ता यांच्या मधली एक तिसरी व्यवस्था असू शकते, आणि ती सामान्य घराच्या आटोक्यातली आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९२६ साली अहमदाबादेत अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या आवारात साठ कुत्री मारली गेली आणि त्यावरून मोठा वाद उसळला. त्या वादात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहिली. त्यांचा रोख अनेकांना रुचला नाही. धन्यावाचून हिंडणाऱ्या कुत्र्याला उष्टे तुकडे टाकणे ही दया नव्हे. ज्याला कुत्रा हवा त्याने तो नीट पाळावा, त्याची जबाबदारी घ्यावी, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. पुढे दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, ते आपल्याच जिल्ह्यातील सेगावी येऊन राहिले. १९४० पासून त्या गावाला सेवाग्राम म्हणू लागले. कुत्री मारण्याच्या प्रश्नावर त्यांच्याशी मतभेद असू शकतो, माझाही आहे. पण ‘पाळणे म्हणजे जबाबदारी घेणे’ हा मुद्दा शंभर वर्षांनंतरही तसाच उभा आहे. कायदाही तेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, बांधलेल्या कुत्र्याला फिरण्याची संधी न देणे आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, हे तिन्ही गुन्हे मानले आहेत. आपल्या गल्लीतील किती साखळ्या या कलमात बसतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

साखळीचा दुसरा दोष स्वभावाशी संबंधित आहे. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून भय वाटताच चावण्याखेरीज त्याच्यापुढे मार्ग उरत नाही. दारातून ये-जा करणारी मुले, दूधवाला, पोस्टमन हे सगळे त्याला रोज डिवचणारे ठरतात. उलट मोकळा सोडलेला कुत्रा वाहनाखाली येतो, इतर कुत्र्यांशी भांडतो, आणि पिसाळलेल्या जनावराचा चावा घेऊन घरी परततो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस काय नि कुत्रा काय, वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून कुंपणाआधी लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली टोचणी, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. मांजरालाही ती लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता आवाराकडे वळू. आपल्याकडे पहिला शत्रू चोर नव्हे, वाघ नव्हे, तर मे महिना होय. वर्ध्याचा पारा त्या दिवसांत ४५ अंशांच्या वर जातो. माणसाला सर्वांगाला घाम येतो व तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला घाम जवळजवळ नाहीच. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. तो जीभ काढून धापा टाकतो आणि तोंडातील ओलावा वाळवून अंग निववतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते; ते ४१ च्या वर गेले की प्राणाशी गाठ असते. पत्र्याच्या खोपटात दुपारी बांधलेला कुत्रा धापा टाकतो खरा, पण आत घेतलेली हवाच तापलेली असते. बसक्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्यांना तर धापाही धड टाकता येत नाहीत. असली कुत्री विदर्भात पाळण्याची हौस मला तरी समजत नाही.

म्हणून निवाऱ्याची जागा घराच्या पूर्वेला असावी, म्हणजे दुपारनंतर घराचीच सावली मिळते. छप्पर पत्र्याचे नको. कवेलूंचे छप्पर हवा खेळती ठेवते. कवेलू न मिळाल्यास पत्र्यावर वीतभर अंतर सोडून तट्ट्या टाकावी आणि वर पऱ्हाट्या किंवा गवत अंथरावे. मधली हवेची पोकळी हेच खरे छप्पर असते. सेवाग्रामच्या आदिनिवासात व बापूकुटीत आसपास मिळणारी माती, बांबू आणि कवेलू वापरली आहेत. भर उन्हाळ्यात त्या कुट्यांत पाय ठेवणाऱ्याला या साहित्याबद्दल वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. अंगणात कडुनिंब किंवा करंज असेल तर उत्तमच, कारण झाडाची सावली मांडवाच्या सावलीहून थंड असते. पाने सतत पाणी बाहेर टाकत असतात. तळाशी शहाबादी फरशी घातल्यास ती दुपारी तव्यासारखी तापते. तिच्यावर आपण पाच क्षण अनवाणी उभे राहू शकलो नाही, तर कुत्र्यालाही ती सोसणार नाही. त्यापेक्षा सावलीत मुरूम चोपून त्यावर सारवण करावे. पाण्यासाठी जड मातीचे भांडे घ्यावे आणि ते जमिनीत थोडे पुरावे, म्हणजे कलंडत नाही व पाणीही गार राहते. अशी दोन भांडी दोन ठिकाणी असावीत. एक सांडले तर दुसरे असते. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर ते सहज म्हणून सोडू नये, ते संकटच समजावे. ऊन लागलेल्या जनावराला सावलीत आणून अंगावर, विशेषतः पोटावर व पायांवर, साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

कुंपणाच्या बाबतीत आपल्या काळ्या मातीचा विचार न करता बाहेरची पुस्तके वाचून केलेले काम वाया जाते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवर रोवलेला खांब दोन वर्षांत कलतो, आणि कुंपणाखाली फट पडते. कुत्र्याला तेवढी पुरे. बाकीचे तो नखांनी उकरतो. खांबाचा खड्डा काळ्या मातीतून खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा. मुरूम खूप खोल असल्यास निदान अडीच फूट तरी खोदून खांब काँक्रीटमध्ये बसवावा. जाळी जमिनीपाशी तोडू नये. ती आतल्या बाजूस काटकोनात वळवून दीड फूट जमिनीवर पसरावी आणि तिच्यावर सुटे दगड ठेवावेत. सिमेंटची सलग पट्टी मातीच्या हालचालीने तडकते. सुटे दगड मातीबरोबर वरखाली होतात, फट पडू देत नाहीत. उकरणारा कुत्रा कुंपणाच्या मुळाशीच उकरतो, मागे सरकून उकरावे हे त्याला सुचत नाही, यावर ही युक्ती आधारलेली आहे. उंची मध्यम कुत्र्याला पाच फूट, मोठ्याला सहा. बाभळीच्या काट्यांचे किंवा काटेरी तारेचे कुंपण वावराला ठीक. घरच्या जनावराचे ते डोळे व कातडे फाडते.

फाटक हा सर्वांत दुबळा भाग. पळालेली कुत्री बहुधा कुंपणावरून नव्हे, उघड्या फाटकातूनच पळतात. जागा असल्यास दोन फाटके करावीत, एक रस्त्याचे व चार-पाच फूट आत दुसरे. पाहुणा एकातून आत आला की ते लावायचे, मग दुसरे उघडायचे. जागा नसल्यास आपोआप मिटणारी स्प्रिंग आणि मुलांच्या हाताला न येणारी कडी, एवढे तरी करावे. सगळे आवार बंदिस्त करणे परवडत नसेल तर सांदवाडीचा दहा बाय वीस फुटांचा तुकडा जाळीने वेगळा काढला तरी साखळीपेक्षा तो शतपटीने बरा. एवढे करूनही सकाळ-संध्याकाळ फिरवणे चुकत नाही. अंगण म्हणजे व्यायाम नव्हे.

मांजराचे गणित निराळे. त्याला सहा फुटांची भिंत म्हणजे पायरी. त्याच्यासाठी दोनच उपाय आहेत. कुंपणाच्या माथ्यावर आतल्या बाजूस कललेली दीड-दोन फूट रुंदीची सैल जाळी लावावी, म्हणजे ती हलते आणि मांजराला पकड मिळत नाही. किंवा सरळ वरूनही बंद असलेली जाळीची ओसरी करावी. मला दुसरा उपाय अधिक भरवशाचा वाटतो. पहिल्या उपायात कुंपणाजवळचे प्रत्येक झाड हीच शिडी ठरते, आणि मग खोडाला पत्रा गुंडाळत बसावे लागते. खिडकीला लागून ओसरीचा कोपरा एक इंची वेल्डेड जाळीने बंद केला, वर निम्म्या भागात कवेलू टाकली आणि भिंतीला दोन, चार व साडेपाच फुटांवर फळ्या ठोकल्या की मांजराचे अंगण तयार. लहान पिल्ले असतील तर जाळी अर्ध्या इंचाची लागते. मांजराला जमिनीवरच्या लांबीरुंदीपेक्षा उंची प्रिय असते. वर बसून खाली पाहणे हा त्याचा निम्मा दिवस. एका कोपऱ्यात कोरड्या वाळूची पेटी ठेवावी, खाण्याच्या जागेपासून दूर, कारण मांजर या बाबतीत आपल्याहून सोवळे आहे. अशा ओसरीने आणखी एक लाभ होतो : अंगणातल्या चिमण्या, बुलबुल, खारी सुखाने नांदतात. संक्रांतीच्या दिवसांत झाडांवर अडकलेल्या मांज्यापासूनही मांजर वाचते.

घरात जुनी विहीर असेल तर तिच्यावर जाळी घालावी. हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

विषांचा विचार स्वतंत्र केला पाहिजे, कारण आपला जिल्हा कापसाचा. फवारणीची औषधे घराघरांत असतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी व मजूर दगावले, तेव्हा ही औषधे काय करतात हे साऱ्या देशाने पाहिले. फवारणीचा पंप अंगणातल्या नळावर धुतला की ते पाणी डबक्यात साचते आणि कुत्रा ते पितो. रिकाम्या डब्यात जनावराला पाणी ठेवणे हा तर उघड अपघात. उंदरांचे औषध घालून मारलेला उंदीर मांजराने खाल्ला तरी मांजर मरू शकते. फिनाइलने ओसरी पुसली, त्यावरून मांजर चालले आणि त्याने पंजे चाटले, एवढ्यानेही त्याला विषबाधा होते. त्याच्या यकृताला ही द्रव्ये पचवता येत नाहीत. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावणे याच कारणाने घातक आहे. झाडांपैकी कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया व शोभेचा सायकस आवारात नसावेत. लिलीची फुले मांजराच्या मूत्रपिंडांना मारक ठरतात. फुलदाणीतले पाणीसुद्धा नको.

पावसाळ्यात निवाऱ्याचे जोते निदान फूटभर उंच हवे. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून अंगणाचा उतार नालीकडे काढावा. गोचिडे भिंतींच्या भेगांत अंडी घालतात. नुसते कुत्र्याचे अंग वेचून भागत नाही, भेगा बुजवून वर्षातून एकदा भिंतीला चुना द्यावा. लाकडांचा व विटांचा ढीग निवाऱ्यालगत रचू नये. तिथे उंदीर येतात, त्यांच्यामागे नाग, घोणस, मण्यार येतात, आणि कुत्रा हुंगायला गेला की नाकावरच दंश होतो.

सेलू, कारंजा, आष्टी या बाजूच्या वाचकांसाठी एक गोष्ट अधिक. बोरचे अभयारण्य १९७० चे, व्याघ्रप्रकल्प २०१४ पासूनचा. बिबट्या मात्र प्रकल्पाची हद्द मानीत नाही आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्यांच्या आहारापैकी वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. जंगलालगतच्या घरी रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे राखणदार नव्हे, ते आमिष होय, आणि ज्या दारात आमिष मिळते तिथे बिबट्या पुन्हा येतो; त्या दारात मुलेही असतात. अशा ठिकाणी वरून उघडे आवार दिवसापुरते ठेवावे. अंधार पडण्यापूर्वी कुत्रा ओसरीत, बंद दाराआड घ्यावा. तिथे त्याचे भुंकणे घरच्यांना अधिक नीट ऐकू येते, आणि पहाटे फाटक उघडण्याआधी कुंपणाला एक फेरी मारून कुठे फट पडली आहे का, तेही पाहता येते.