सवलतीसाठी एजंट कशाला?

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. तोंडी उत्तरं चोख, पण लिहिताना जोडाक्षरं गाळतो. शाळा म्हणते, 'आळशी आहे.' एक सल्लागार पैसे घेऊन परीक्षेतल्या सवलती मिळवून देतो म्हणतात. द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. हा आळस नसून अध्ययन अक्षमता, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातली अडचण, असू शकते. मदत घ्यायचीच तर चाचणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची आणि विशेष शिक्षकाची घ्या. त्यांचा अहवाल उपयोगी पडतोच, पण सवलतीसाठी प्रमाणपत्र अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचंच लागतं. मुंबईत शीव रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. तिथे मुलाच्या वह्या न्या, खाडाखोडीसकट. (पालक नेमक्या नीटनेटक्या वह्या निवडून आणतात!)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. मान्यताप्राप्त शाळेने ती लवकर ओळखून गरजेनुसार सोय करावी, असं कलम १६ सांगतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या; तोंडी बोलणं कुणी लक्षात ठेवत नाही. शाळा हललीच नाही तर शिक्षणाधिकारी, मग पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. वकील लागलाच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना आणि मुलांना तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दहावीची वाट पाहू नका, अर्ज याच आठवड्यात द्या.